डावरी गाठ

पिरंगुटच्या पंख्यांच्या कारखान्यात ती, आम्हा सगळ्यांची मावशी, मोटारीच्या कॉइल बांधायची आणि मी माल तपासायचो. तारेचे वेढे मशीन घालायचं, पण ते दोऱ्यानं आवळून गाठ मात्र हातानंच मारावी लागे. मुठा गावाच्या एसटीत खिडकीबाहेर धुक्यात बुडालेली भातखाचरं बघत बसली, तरी तिची बोटं मांडीवर गाठी मारत असायची.

मग थायलंडशी करार झाला, आयातीवरची जकात उतरली आणि तिकडची तयार कॉइल आमच्यापेक्षा स्वस्त पडू लागली. पहिलं खोकं उघडलं तेव्हा बाकीच्या बायका त्या मालाला नावं ठेवत होत्या. हिनं एक कॉइल उजेडात धरली आणि गाठीवरून हलकेच अंगठा फिरवला.

"काय झालं, मावशी?" मी विचारलं.

"भाऊ, ही बांधणारी बाई डावरी हाय. गाठ उलटी पडलीया. पर बांधणी लई नेटकी."

त्यानंतर ती रोज तिकडची एखादी कॉइल हातात घेऊन बसायची. "आज दमलीया बिचारी," म्हणायची, "गाठी सैल हायेत."

महिनाअखेरीस आमचं कॉइलचं काम बंद झालं. शेवटच्या दिवशी तिनं एकच कॉइल माझ्यासमोर ठेवली. गाठ उलटी होती, वेडीवाकडी.

"डाव्या हातानं मारून बगितली," ती म्हणाली. "लई अवघड हाय, भाऊ."

असली गाठ मी कधीच पास केली नव्हती. तिच्याकडे न बघता मी 'पास'चा शिक्का मारला.