रिकामी गेलेली मुक्कामी गाडी

आक्का गेली त्या दिवसांत आमच्या गावची सकाळची गाडी जवळजवळ रिकामी धावली, आणि त्याचं कारण आक्काच होती. हे मला उशिरा, तिचं दहावं होऊन गेल्यावर कळलं.

आक्का माझी थोरली बहीण. कळवणच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला असलेलं हे गाव तिचं सासर. मी नाशिकला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर तिच्याकडे राहायला आले. तिचे यजमान आधीच गेले होते, मुलगा पुण्याला. गावाला मी आक्काची बहीण, म्हणून सगळ्यांची मावशी झाले. ती बोलायची आणि मी वाचायचे, असं आमच्या घराचं चालायचं. कुणी दारात आलं की मी पुस्तकात बोट ठेवून मान हलवायचे, पुढचं सगळं आक्का बघायची.

ती अंगणवाडीतून निवृत्त झाली तेव्हा तिनं एकच गोष्ट मनावर घेतली, एसटीची मुक्कामी गाडी. ही गाडी संध्याकाळी कळवणहून येते, रात्रभर देवळापाशी उभी राहते आणि उजाडायच्या आत नाशिकला निघते. गावातल्या बायका तिच्यातून कामाला जातात. काही कळवणला कांद्याच्या खळ्यावर निवडणीला, काही वणीच्या पुढे द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये. गाडी नव्हती तेव्हा कुणी शेतावर बोलावलं तर काम, नाही बोलावलं तर घर. आक्कानं कळवणच्या डेपोत खेटे घालून गाडी आणली. ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला सोसायटीची जुनी खोली ग्रामपंचायतीकडून नीट करून घेतली, मागे संडास बांधायला लावला, आणि त्यांचं रात्रीचं जेवण आमच्या गल्लीनं पाळीनं द्यायचं ठरवलं. बदल्यात गावाला एक नियम घातला. कळवणला जायचं तर लाल गाडीनंच.

कुणी भाड्याच्या खासगी जीपमधून उतरताना दिसला की ओट्यावरून तिचा आवाज जायचा.

"काय दाजी, एसटीच्या सीटवर बाभळीचे काटे उगवलेत का?"

"घाई होती, आक्का."

"घाई? अन् पारावर चकाट्या पिटायला सवड हाय!"

दाजी हसून निघून जायचे, पण पुढच्या वेळी गाडीची वाट बघत उभे राहिलेले दिसायचे.

आमच्या शेजारच्या घरातली सून पॅकहाऊसला जायची. तिचं हे पहिलंच काम. सासू मूळची बागलाणातली, बोलणं अजून तिकडचं. सुनेच्या कामाला जाण्यावर तिची एकच अट होती. "लाल गाडी शे, मंग जाय. पण दुसरी गाडीमा पाय ठेवानं नही." एसटीत कंडक्टर असतो, तिकीट असतं, काही झालं तर विचारायला कुणीतरी असतं, असं तिचं म्हणणं. जीपमध्ये कोण कुणाला चिकटून बसेल त्याचा भरवसा नाही. आक्कानं या अटीवर वाद घातला नाही. त्या सुनेची नोकरी लाल गाडीवर उभी होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आक्का ऐन द्राक्षांच्या हंगामात गेली. आदल्या दिवशी तिनं तुरीच्या शेंगा सोलल्या होत्या. त्यापुढचं मला अजून लिहिता येत नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. ओट्यावर, अंगणात बसून राहतात. फारसं बोलत नाहीत, पण उठतही नाहीत. गावातल्या बायका पहाटेच येऊन बसायच्या. मला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी कामावर जाणं सोडलं. त्यांना जा म्हणायचं मला सुचलं नाही. कोण आलंय, कोण गेलंय, याकडे माझं लक्षच नव्हतं. शेजारची सून चुलीपुढे असायची आणि माझ्या हातात चहाचा कप देऊन तो रिकामा होईपर्यंत समोर बसायची.

दहावं आक्काच्या मुलानं नाशिकला रामकुंडावर केलं. सगळं गाव टेम्पो आणि पिकअपमधून गेलं, गाडी सुटायच्याही आधी. घाटावर बऱ्याच जणांनी भाषणं केली. आक्कांचं काम आपण पुढं नेऊ, असं तर प्रत्येकानं म्हटलं. मी खाली मान घालून ऐकत होते. त्याच वेळी आमच्या गावची गाडी दिंडोरीच्या रस्त्यानं रिकामी येत असणार.

पुढं काही दिवसांनी जेवण द्यायची पाळी आमच्या घराची आली. मला खिचडी येते, तीच केली. कंडक्टर आमच्या ओट्यावर बसून जेवत होता, पण घास फिरवत बसला.

"मीठ कमी पडलं का?" मी विचारलं.

"मिठाचं नाय हो, मावशी." त्यानं ताट बाजूला ठेवलं. "कसं सांगू तेच कळंना. एक तारखेपासून मुक्काम बंद होतोय. गाडी कळवणहून सुटंल, हितं दहाला येईल."

पॅकहाऊसची पाळी आठला सुरू होते.

त्यानं जे सांगितलं ते असं. कोणत्या मुक्कामी गाड्या चालू ठेवायच्या हे ठरवण्यासाठी उत्पन्नाची तपासणी चालू होती, आणि ती नेमकी त्याच दिवसांत आली. "मशीनमधून जेवढी तिकिटं निघाली तेवढीच दिसणार ना. गाव तुमच्या दारात, मी तिकीट कुणाला देऊ?" त्याचा आवाज चिडका झाला आणि लगेच खाली आला. "आक्काच्या हातचं इतकं खाल्लंय मावशी, पण खोटी तिकिटं कशी काढू?"

दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा झाली. कुणी म्हणालं आमदाराकडं जाऊ, कुणी म्हणालं अर्ज देऊ. जीपवाला म्हणाला, एवढी चिंता कशाला, मी पहाटे येतो की. शेजारच्या सासूनं ते ऐकलं आणि ती सुनेला म्हणाली, "एक तारीखपासून घर सांभाळ." दुपारी सून माझ्याकडे आली.

"मावशी, डेपोत तुम्ही बोला."

"मी? मला कुठं बोलता येतं?"

"आक्काला येत हुतं. आता ती नाय. गावातली माणसं गेली तर भांडून येतील, अन् मग साहेब आणखीच अडून बसंल. तुम्ही सांगितलं तर ऐकून तरी घेईल."

दोघी पहाटेच्या गाडीनं गेलो. सुनेनं त्यासाठी आणखी एक खाडा केला, आणि पॅकहाऊसच्या सुपरवायझरनं दुसऱ्या दिवशी तिला बजावलं की यापुढे एक जरी खाडा झाला तर जागा दुसरीला देईन. डेपोत तास-दोन तास बसून राहावं लागलं. डेपोचे साहेब थकलेले वाटले, वाईट नव्हते. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

"बघा मॅडम, तुम्हीच बघा. ओळीनं इतके दिवस गाडी रिकामी. मी वर काय सांगू?"

"दुखवटा होता," मी म्हणाले.

"कुणाचा?"

"माझ्या बहिणीचा."

ते उठले, मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग म्हणाले, "पण मॅडम, दुखवटा एका घराला असतो. सगळ्या गावाची गाडी कशी रिकामी जाईल?"

सून पदर खोचून पुढं झाली. "साहेब, गाडीत बसणाऱ्या साऱ्या बाया मावशीच्या दारात बसल्या हुत्या. मग गाडीत कोन बसंल? ड्रायव्हर अन् कंडक्टर, दोघं समोरासमोर?"

साहेब किंचित हसले. "आणि दहाव्याच्या दिवशी?"

"आम्ही सगळे रामकुंडावर होतो," मी सांगितलं.

"गेलात कशानं?"

"टेम्पोनं."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मॅडम, लग्नाला आमची गाडी ठरवून नेतात. दहाव्याला चालत नाही का?"

"सुचलं नाही," मी म्हणाले. "आक्काला सुचलं असतं."

दारातला शिपाई फिसकन हसला आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. मलाही हसू आलं होतं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही एका परक्या ऑफिसात. साहेबांनी पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. मग म्हणाले, "पुढचा महिना मुक्काम राहील. तेवढ्यात काय दिसतं ते बघू. लिहून काही देत नाही."

तो महिना गावानं गाडी भरली. ज्यांना काम होतं ते गेले, ज्यांना नव्हतं त्यांनी काढलं. तिकीट माफ असलेली म्हातारी माणसं कळवणला जाऊन चहा पिऊन परत यायची. कंडक्टर ओरडायचा, "सगळी फुकटवाली भरलीत! अरे, कुणीतरी पैसेवाला चढा!" मी रोज पुस्तक घेऊन कळवणपर्यंत जायचे, स्टँडवर बसून वाचायचे आणि परतीच्या गाडीनं यायचे. जीपवाल्याशी लोक बोलेनासे झाले होते, हे मात्र जास्तच होतं. त्यालाही पोट होतं.

महिना संपत आला असताना एके पहाटे गाडी चालूच होईना. ड्रायव्हरनं चार-सहा वेळा स्टार्टर मारला, मग बॉनेट उघडून टॉर्च लावून बघत राहिला. कळवणहून मेकॅनिक यायला वेळ लागणार होता. बायका डबे घेऊन उभ्या होत्या. तेवढ्यात जीप आली.

"या, या," जीपवाला म्हणाला. "लाल गाडीला झोप लागली वाटतं!"

कुणी हललं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आक्का असती तर त्यांनी तिच्याकडे बघितलं असतं. शेजारची सून डब्याची पिशवी या हातातून त्या हातात करत होती. तिची सासूही त्या दिवशी गाडीत जागा भरायला म्हणून आली होती, ती तिच्या मागेच उभी. जीपमध्ये बसल्या तर महिना संपताना गाडी पुन्हा रिकामी दिसणार, आणि नाही बसल्या तर हिची जागा जाणार. आक्का काय म्हणाली असती याचा मी खरोखर विचार करून बघितला. कळेना. शेवटी मी म्हणाले, "जा गं. पाळी चुकेल."

तिनं सासूकडे बघितलं.

"माले काय देखस?" सासू म्हणाली. "घड्याळ देख." आणि सुनेच्या आधी स्वतःच जीपच्या पुढच्या सीटवर चढली. "सरक तिकडं," तिनं जीपवाल्याला सांगितलं. तो दारापर्यंत सरकला. मग मागे सून बसली, मग वणीकडच्या बाकीच्या.

गाडी उन्हं आल्यावर चालू झाली. आत आम्ही तीन-चार म्हातारी माणसं होतो. कंडक्टर मला तिकीट देत म्हणाला, "आज पुन्हा तेच, मावशी." मी ते तिकीट पुस्तकात खूण म्हणून ठेवलं.

संध्याकाळी सासू आमच्या ओट्यावर आली. ती पॅकहाऊसच्या फाटकापर्यंत गेली होती आणि जाळीतून आत बघत दिवसभर तिथंच बसली होती. "सगळ्या सारख्याच," ती सांगत होती. "डोकाले टोपी, तोंडाले फडकं. माले मनी सून वळखू उनी नही." स्वतःची सून ओळखू आली नाही याचं तिला वाईट वाटलं नव्हतं, नवल वाटलं होतं. सून आत चहा टाकत होती. तिची जागा राहिली होती. जीप कशी होती असं मी विचारलं तर सासू म्हणाली, "डिझेलना वास येस. बाकी काय नही."

गाडी अजून मुक्कामाला येते. साहेबांनी त्या एका सकाळकडे कानाडोळा केला, की ती त्यांच्या लक्षातच आली नाही, ते मी विचारायला गेले नाही. बायका अजून लाल गाडीनंच जातात. पण गाडीला उशीर झाला तर शेजारची सून आता थांबत नाही. जे आधी येईल त्यात बसते. आक्काला हे आवडलं असतं की ती ओट्यावरून ओरडली असती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.