आतोबांची फिरती उशी

माझी आत्या गाद्या भरते आणि तिचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, त्या गाद्यांच्या खोळी शिवतात. दुकान एवढंसं. पुढे गाद्यांची चळत, मागे शिलाई मशीन, वरच्या दोन खोल्यांत संसार. दोघांचं सगळं जमतं, एक गोष्ट सोडून. आत्याच्या पायाला भिंगरी आहे आणि आतोबांना गाडी लागते. लागते म्हणजे किती? एकदा उभ्या रिक्षात बसून नुसता फोटो काढायचा होता, तरी त्यांनी आधी लिंबू मागितलं. त्यामुळे वर्षातून एकदा आत्या एकटीच फिरायला निघते आणि आतोबा तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला जातात. चालत.

आत्याला साधं हॉटेल चालत नाही. "चार भिंती आणि एक टीव्ही, एवढ्यासाठी घर कशाला सोडायचं?" असं म्हणून ती जगावेगळी बिऱ्हाडं शोधून काढते. एकदा जुन्या दीपगृहात राहिली. खोली गोल, पलंग चौकोनी, तो कुठल्याच भिंतीला धड टेकेना. एकदा बेकरीच्या माळ्यावर राहिली आणि गोलमटोल होऊन परतली. एकदा तर कायमच्या थांबलेल्या आगगाडीच्या डब्यात मुक्काम केला. डबा जागचा हलत नव्हता, तरी फोनवर ऐकूनच आतोबांना मळमळायला लागलं.

सुरुवातीला ती चारचौघांसारख्याच वस्तू आणायची. पितळी घंटी, शिंपल्यांची होडी, चित्र काढलेला पेला. आतोबा प्रत्येक वस्तू उलटसुलट करून बघायचे, "छान आहे" म्हणायचे आणि मग खरा प्रश्न विचारायचे, "झोप कशी लागली?" गादीवाल्याचा जीव, दुसरं काय विचारणार! कितीही वर्णन केलं तरी गादी हाताला लागल्याशिवाय ह्या माणसाला मुक्काम कळत नाही, हे आत्याच्या लक्षात आलं. पुढच्या वेळी तिने पिशवीत दाभण टाकलं. मुक्कामाच्या गादीची थोडी शिवण उसवायची, आतलं मूठभर काढून घ्यायचं आणि आधीपेक्षा सुबक टाके घालून ठेवायचे. हा तिचा नवऱ्यासाठी खाऊ.

आतोबांनी त्याची उशी भरायला घेतली. दीपगृहातली लोकर, बेकरीवरचा कापूस, डब्यातला काथ्या, कुठली कुठली पिसं. उशी कसली, गाठोडं! मी एकदा त्यावर डोकं टेकलं तर मान वळेना. आतोबा मात्र तिच्यावर गाढ झोपायचे आणि दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. "ही माझी फिरती आहे," म्हणायचे.

गेल्या वर्षी आत्याबरोबर मी गेले. मुक्काम होता बंद पडलेल्या एका नाट्यगृहात. मालकांनी खुर्च्या काढून पलंग मांडले होते, आणि आमचा पलंग थेट रंगमंचावर. दार नव्हतंच, पडदा होता. सकाळी मी भलतीच दोरी ओढली आणि आत्या दात घासत असताना पडदा सरसर वर गेला. समोर चहा पीत बसलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने तोंडातल्या ब्रशसकट वाकून नमस्कार केला.

पाहुणे सामान घेऊन निघून गेले तसं तिने दाभण काढलं. गादीत हात घातला आणि तिचं डोकंच फिरलं.

"अगं, हा कापूस आहे की ढेकळं? ह्याच्यावर माणसं निजवतात?"

"आत्या, आपण इथे पाहुण्या आहोत."

"पाहुणी झाले म्हणून डोळ्यांवर कातडं ओढू?"

तिने अख्खी गादी रिकामी केली आणि कापूस हाताने मोकळा करायला बसली. मग शेजारची गादी चाचपली. तीही तसलीच. एकदा सुरू झाल्यावर आत्या थांबते कसली! बघता बघता सगळ्या पलंगांचा कापूस रंगमंचावर आला आणि त्या ढिगावर आत्या बसली.

तेवढ्यात मालक आले. समोरचं दृश्य बघून त्यांना दरदरून घाम फुटला. घाम फुटल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. पंखा लावला.

पुढचं काय सांगू! कापूस उडाला, झुंबरावर बसला, मालकांच्या मिशांत अडकला, खिडकीतून बाहेर पडून रस्त्याला लागला. मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. मालक रडकुंडीला आले.

"अहो बाई, संध्याकाळी शिक्षकांची सहल येतेय! त्यांना काय झुंबरावर झोपवू? गाद्या भरून द्या, नाहीतर सरळ पोलिसांना बोलावतो!"

आता मात्र आत्याचा चेहरा उतरला. भरण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, पण एवढ्या गाद्यांची तोंडं एकटीने संध्याकाळपर्यंत शिवून होणार नव्हती, आणि मला साधं बटण लावता येत नाही. तिने दुकानात फोन लावला.

"अहो, कुणी शिवणारा मिळेल का? खूप गाद्या आहेत."

पलीकडे खडखडणारं शिलाई मशीन थांबलं. मग आतोबा म्हणाले, "बघतो."

दुपारी आमच्या ओळखीचा, कापूस आणणारा टेम्पो दारात उभा राहिला. आतून आधी उशी उतरली आणि उशीमागून आतोबा. आत्या बघतच राहिली.

"अहो, तुम्ही? गाडी नाही लागली?"

"काय माहीत. उशीत तोंड खुपसलं आणि झोप लागली."

"घाट आला, नदी आली, मी सगळं दाखवत होतो," टेम्पोवाला वैतागून म्हणाला. "हे आपले घोरतायत!"

आयुष्यातला पहिला प्रवास आणि तोही घोरण्यात घालवला! पण आल्या आल्या त्यांनी बाह्या सरसावल्या. आत्या भरत होती, आतोबा शिवत होते, मी दोरा ओवत होते आणि मालक शिडीवर चढून झुंबर झाडत होते. शेवटची गादी राहिली, तिची उशाकडची बाजू रिकामीच. उरलेला कापूस गावभर झाला होता. बाहेर सहलीच्या बसचा हॉर्न वाजला.

आतोबांनी आपली उशी घेतली आणि कात्रीने तिचं तोंड उघडलं.

"अहो, नको!" आत्या ओरडलीच. तिचे डोळे भरून आले. "माझे सगळे मुक्काम आहेत त्यात. तुमच्यासाठी जमवलेत."

"अगं, मी घरी राहायचो म्हणून उशी लागायची," आतोबा म्हणाले. "आता आलोय ना."

त्यांनी अख्खी उशी गादीत रिकामी केली आणि टाके घालायला घेतले.

"आणि परत जाताना?" मी विचारलं.

"लिंबू घेऊ."

शिक्षकांना चांगल्या गाद्या मिळाल्या. उशी रिकामी केलेली ती गाठींची गादी मालकांनी एकदा दाबून पाहिली आणि मुकाट्याने रंगमंचावर पाठवली. तिथे आत्या आणि आतोबा झोपले, मी पाहुण्यांच्या रांगेत.

सकाळी कुणातरी गुरुजींनी भलती दोरी ओढली. पडदा वर गेला, शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आतोबा डोळे चोळत उठून बसले. आत्या त्यांच्याकडे वळली. इतकी वर्षं तिला विचारला गेलेला प्रश्न आज तिने विचारला.

"झोप कशी लागली?"

आतोबांनी नीट विचार केला.

"दीपगृहात जरा थंडी वाजली," ते म्हणाले. "पण बेकरीवर मस्त."