कार्डावरचा एक दिवस

साठ सालाच्या आसपास मी अमरावतीत एका चरित्रकोशाची कार्डं भरायचो. एका माणसाला एक कार्ड. अकोटच्या एका निवृत्त हेडमास्तरांच्या कार्डावर ‘कार्य’ या रकान्यात एवढंच होतं: मॅट्रिकचा पेपर आदल्या दिवशी फोडला, वर्तमानपत्रांत गाजले. त्यांना कोशात घ्यायचं की गाळायचं, हे ठरवायला संपादकांनी मला एसटीत बसवलं.

मास्तर ओट्यावर वातीसाठी कापसातली सरकी काढत होते. त्यांनी कार्ड लांब धरून वाचलं, माझ्याच पेनानं जन्मसाल दुरुस्त केलं आणि परत दिलं.

“तुमी एका दिवसाचं लिवलं. बाकीचे दिवस कोरे काहून ठेवले?”

“सांगा, लिहितो.”

त्यांनी कापसाचा दुसरा बोळा उचलला.

“काय सांगू बापा? रोज शायेत गेलो, पोरं शिकवले.”

नुसत्या शिकवण्याला आमचे संपादक कार्य मानत नसत. मी पेन बंद केलं.

परत आल्यावर थोरांची कार्डं चाळली. बहुतेकांवर एकच दिवस होता. तो चांगला निघाला, इतकंच.

“काय ठरलं?” संपादकांनी विचारलं.

“कार्डावरचा माणूस भेटलाच नाही,” मी म्हणालो.