पाकळी पडली तेव्हा वर विमान होतं

मंगळवारी सकाळी वहिनी वारल्या. तेराव्या दिवसानंतर दादा माझ्या ऑफिसात आले आणि अशिलाच्या खुर्चीत बसले.

मी पेडण्यात वकिली करतो. दादा माझे थोरले भाऊ. आई लवकर गेली, मला वाढवलं वहिनींनी. माझा पहिला काळा कोट त्यांनीच शिवून घेतला होता.

"केस घालूची आसा," दादा म्हणाले.

"कोणावर?"

"विमानार."

वहिनींच्या आजारात डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. ऑपरेशन करा किंवा औषधांवर ठेवा. धोका दोन्हींत होता, घरच्यांनी ठरवायचं होतं. आमच्याकडे असा प्रश्न देवापुढे जातो. गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात.

ऑपरेशन करायचं का, एवढं विचारून आम्ही बराच वेळ उभे होतो. पाकळ्या हलत नव्हत्या. मग देवळावरून विमान गेलं. टांगत्या समईची साखळी थरथरली. उजवी पाकळी पडली.

ऑपरेशन झालं. वहिनी हॉस्पिटलातून घरी आल्या नाहीत.

"ती पाकळी देवान पाडली की विमानान?" दादांनी विचारलं. "तुझ्या कोर्टाक विचार."

कोर्टाला हे विचारता येत नाही. पण देवळावरचा आवाज कोण थांबवू शकतो, हे विचारता येतं. दादांना रिकाम्या हाती परत पाठवणं मला जमलं नाही. मी अर्ज लिहायला घेतले.

पंचायतीचा सेक्रेटरी म्हणाला, "घराचं लायसन आम्ही देतो, वकीलसाहेब. आकाशाचं नाही."

मामलेदारांनी चहा मागवला. "लाऊडस्पीकर असता तर आत्ता माणूस पाठवून उतरवला असता. विमान कुठल्या खांबावरून उतरवू?"

प्रदूषणवाल्यांनी मात्र देवळाच्या अंगणात मीटर लावला. रीडिंग मर्यादेत आलं. मर्यादा दिवसभराच्या सरासरीवर असते, असं त्यांच्या इंजिनियरने समजावलं. विमान अर्ध्या मिनिटात जातं, बाकी वेळ अंगणात कावळे असतात. सरासरी काढली की विमान उरत नाही.

"आणि मर्यादेबाहेर आलं असतं तर?" मी विचारलं.

"तर आम्ही वर लिहिलं असतं."

वर म्हणजे दिल्ली. विमान कुठून आणि किती उंचीवरून जाईल, ते केंद्राचं विमान वाहतूक खातं ठरवतं. मी तिथेही लिहिलं. उत्तर सभ्य होतं. मार्ग वारा आणि सुरक्षितता पाहून ठरतो, स्थानिक आवाजाबाबत राज्याच्या यंत्रणेकडे जावं.

आमच्या धंद्यात याला ज्युरिस्डिक्शन म्हणतात. कोणत्या विषयावर कोणी निर्णय द्यायचा, त्याची हद्द. प्रत्येकाला आपली हद्द अगदी नीट ठाऊक होती.

हायकोर्टात रिट घालता आलं असतं. मी तसं दादांना सांगितलं.

"ऱ्हांव दी," ते म्हणाले. "आता कोणासाठी?"

एक गोष्ट मी कुठल्याच अर्जात लिहिली नाही. त्या दिवशी पाकळी पडल्यावर गुरव थांबला होता. "विमान गेलां," तो म्हणाला होता. "परत लावू?" त्याने दादांकडे पाहिलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शिकलेला मी. आणि मी म्हणालो, "एकदा मिळालेला कौल परत मागत नाहीत." निकाली निघालेलं प्रकरण पुन्हा उघडत नाहीत, ही कोर्टातली सवय. ती गाभाऱ्यापुढे बोलून गेली.

या सगळ्यात अधिकार नसताना निर्णय देणारा एकटा मी निघालो. दादांनी ते वाक्य मला कधी ऐकवलं नाही.

फाईल माझ्या कपाटात आहे. गुरवाने विमानांचं वेळापत्रक मिळवून गाभाऱ्याच्या दाराआड चिकटवलं आहे. मधल्या मोकळ्या वेळातच तो पाकळ्या लावतो. दादा आता देवळात जातात, पण कौल घेत नाहीत.