नात्यात नसलेली माणसं

मी संगमनेरची. म्हणजे जिल्ह्याच्या ओल्या अंगाची, उसाची आणि दुधाची. पुण्यात संशोधनाला लागल्यावर आमच्या सरांनी विचारलं, "नगर जिल्ह्यात रक्ताचे नमुने गोळा करायला कोण जाईल?" तेव्हा माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. आपल्याच जिल्ह्याची आपल्याला कुणी काय ओळख करून द्यायची, असा माझा तोरा होता. सरांनी मला धाडलं ते तिसगावच्याही पुढे, आत, बाजरीच्या आणि दगडांच्या मुलखात. तिथली बोली, तिथलं पाणी आणि तिथल्या आमटीचा ठसका, यांतलं काहीच माझ्या ओळखीचं निघालं नाही.

नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. डीएनए हा शब्द तेव्हा पेपरात फक्त खुनाच्या नाहीतर 'मूल कुणाचं' अशा बातम्यांत यायचा. आमचं काम त्या बातम्यांच्या मागच्या बाजूचं होतं. गुन्ह्याच्या जागी सापडलेलं रक्त आरोपीच्या रक्ताशी जुळलं, तर न्यायाधीश विचारणारच की असंच रक्त त्या भागात आणखी किती जणांचं असू शकतं. उत्तर द्यायचं तर साध्यासुध्या माणसांचं रक्त आधीच तपासून, कुठली खूण किती जणांत सापडते याची कोष्टकं तयार हवीत. त्यात अट एकच, पण कडक. माणसं एकमेकांच्या नात्यातली नकोत. एकाच घरातली दहा डोकी मोजली, तर त्या घराची खूण सगळ्या तालुक्याची वाटायची.

"उद्या या कोष्टकावरून कुणी आत जाईल नाहीतर सुटेल," सर म्हणायचे. "इथे चालढकल चालणार नाही."

माझी पीएचडीची नोंदणी याच नमुन्यांवर अडली होती. नमुने नीट आले तर काम माझं. नाहीतर ते माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाकडे जाणार होतं, आणि तो नगरऐवजी सातारा जिल्ह्यात जाऊन नमुने आणायला बॅग भरूनच बसला होता. तो मला रोज प्रेमाने विचारायचा, "कधी निघतेस?" मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा.

पहिल्या खेपेला सगळं फार झकास झालं. बर्फाने भरलेली थर्माकोलची पेटी जीपमधून उतरवली, तेव्हा पोरं 'गारेगार आलं' म्हणून धावत आली आणि सुया बघून त्याहून जोरात परत गेली. शाळेच्या ओट्यावर पुरुषांची रांग लागली. सरांनी स्वतः बसून तयार केलेला प्रश्न मी प्रत्येकाला विचारत होते: "या रांगेत तुमचे कुणी नातेवाईक आहेत का?"

रांगेत एक मिशाळ काका होते. त्यांच्या मागच्या माणसाकडे बोट करून मी विचारलं, "यांचं नि तुमचं काही नातं?"

"ह्याचं नि माझं?" काका भडकले. "नाव काढू नका बाई. बांधावरनं कोर्टात तारखा चालू हायेत आमच्या."

"लिव्हा, लिव्हा," मागचाही तेवढ्याच आवेशाने म्हणाला. "नातं न्हाई म्हून लिव्हा. माझी बी सही घ्या."

मी लिहिलं. सगळ्यांनीच इतक्या ठामपणे 'न्हाई' म्हटलं की मला गावाचं कौतुक वाटलं. एवढी नात्यात नसलेली माणसं एका ठिकाणी राहतात आणि तीही रांगेने सुईला हात देतात!

पुण्यात त्या रक्तातून डीएनए काढला, जेलीसारख्या थरातून विजेने चालवला आणि शेवटी एक्स-रेच्या फिल्मवर त्याच्या काळ्या पट्ट्या उमटल्या. पुरुषांच्या डीएनएत एक भाग बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो, तोही तपासला. सरांनी फिल्म उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "तू एकाच माणसाला सदरे बदलून बदलून टोचून आलीस का?"

शेजारच्या टेबलावरून हसण्याचा आवाज आला. सर म्हणाले, "आणखी एकदा जा. यावेळीही हेच झालं, तर काम दुसऱ्याकडे."

मी रागाने पेटून त्याच गावात गेले. मिशाळ काका त्यांच्या दारातच भेटले.

"काका, तुम्ही नातं नाही म्हणालात!"

"न्हाईच की."

"मग तो मागचा कोण?"

"त्यो व्हय? चुलतभाऊ. सख्ख्या चुलत्याचं पोरगं."

मी कपाळावर हात मारला. काकांना माझी कीव आली असावी. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं आणि लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं, "आवं, नातं म्हंजी सोयरं. पाव्हनं. जिथं लेक दिली, जिथनं सून आनली, ती नाती. चुलतभाऊ कुठं नात्यात असतोय? ती भावकी. तुमी इचारलं नातेवाईक, आमी खरं सांगितलं. भावकी इचारायची हुती!"

"मग भावकी किती आहे?"

त्यांनी दारातूनच हात लांब केला. "त्या चिंचंपासनं ह्या वढ्यापातुर." म्हणजे अख्खं गाव. कोणे एके काळी कुणी एक पुरुष इथे येऊन राहिला आणि पुढचे सगळे त्याच्याच वंशाचे. शेजारच्या दोन वाड्यावस्त्यांची चौकशी केली, तर तिथेही हीच तऱ्हा. मी माझ्यावर चिडले, सरांच्या प्रश्नावर चिडले आणि नात्यातून चुलतभावाला वगळणाऱ्या मराठी भाषेवरही चिडले. तिकडे सातारची जीप भरली जात असणार हे मला दिसत होतं.

काकांनी जेवायला थांबवून घेतलं. परसात कुरडयांचा घाट चालला होता. भावकीतल्या सगळ्या घरच्या बायका जमल्या होत्या, कोर्टात तारखा चालू असलेल्या घरच्याही. बांध पुरुषांचा, कुरडया बायकांच्या. गव्हाचा चीक शिजत होता आणि त्यावरून वाद पेटला होता.

"चिकात हिंग? आमच्या नेवाशाकडं असलं काय घालीत न्हाईत," थोरली सून म्हणाली.

"नेवाशाचं नेवाशाला. आमच्या शेवगावाकडं हिंगाबिगर चीकच न्हाई," दुसऱ्या घरची म्हणाली.

"आमच्या पाथर्डीत..." तिसरीने तोंड उघडलं. मग राहुरी आलं, कर्जत आलं, श्रीगोंदा आलं. प्रत्येकीचं माहेर वेगळं, चीक वेगळा आणि ठसका मात्र सारखाच. मला भूक लागली होती, त्यामुळे मी आधी नुसतीच वैतागले. मग ताट पुढे आलं आणि घास तोंडाशी नेता नेता मी थांबले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! या गावात नात्यात नसलेली माणसं भरपूर होती. ती सगळी माझ्यासमोर चिकावरून भांडत होती.

मी ओरडले, "सुना! मला सुना पाहिजेत!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. काकांच्या घरची सासू, म्हणजे काकांची बायको, ठणठणीत बाई. ती चुलीपुढून म्हणाली, "कुनाच्या सुना? आन कशाला?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "बायांच्या अंगात रगत हाय कुठं? आन आमी सगळ्या परक्या गावच्या. आमच्या रगतातनं ह्या गावचं काय कळनार?"

"मला परक्याच पाहिजेत, आत्या," मी म्हणाले. सुना तिला आत्या म्हणत होत्या, म्हणून माझ्याही तोंडून तेच गेलं. "सगळी माहेरं ह्याच जिल्ह्यातली, समाज एकच आणि भावकी मात्र वेगळी. याहून चांगलं मला कुठे मिळायचं?"

तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तिने अट घातली. आधी कुरडया उरकायच्या आणि सोऱ्या मी फिरवायचा. मी फिरवला. माझी पहिली कुरडई बघून नेवासा, शेवगाव आणि पाथर्डी यांच्यातलं भांडण मिटलं, कारण सगळ्याच जणी माझ्यावर हसायला लागल्या. दुपारपर्यंत हाताला फोड आले, पण माझा राग कुठच्या कुठे गेला होता.

मग ओट्यावर बायकांची रांग लागली. आता मी शहाणी झाले होते. मी आधी भावकी विचारली, मग सोयरे विचारले, आजोळसुद्धा विचारलं. काकांच्या घरच्या सुनांपाशी मला एकदम शंका आली. या भागात सासूला आत्याच म्हणतात आणि मामाची मुलगीही करून घेतात.

"तुमच्यात ही खरी आत्या कुणाची?"

मधलीने हात वर केला. ती सासूच्या सख्ख्या भावाची लेक निघाली. सासूचंही रक्त घ्यायचं होतं, म्हणून मी तिला रांगेतून बाजूला काढलं, तर ती फुरंगटली. "समद्यांचं घेतलं, माझंच रगत काय पानी हाय का?" तिची समजूत घालता घालता मला नाकी नऊ आले. शेवटी सासू स्वतः पाटावर बसली, तोंड फिरवून घेतलं आणि म्हणाली, "टोच लवकर. चूल पेटती हाय."

यावेळी सरांनी फिल्म उजेडात धरली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "ही माणसं वेगवेगळी आहेत," ते म्हणाले. त्यांच्या तोंडची एवढी स्तुती मी त्याआधी ऐकली नव्हती. माझी नोंदणी झाली. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने बॅग रिकामी केली आणि मला मनापासून चहा पाजला. सुनांकडून नमुने घ्यायचे ही युक्ती सरांनी पुढे दुसऱ्या तालुक्यांतही वापरली आणि ती आपल्यालाच सुचली होती असं सगळ्यांना सांगितलं. मी प्रत्येक वेळी मोठ्याने खोकले.

दिवाळीनंतर मी पेढे घेऊन गावात गेले. बातमी मला स्वतःच्या तोंडाने सांगायची होती. बायका परसात शेंगा फोडत बसल्या होत्या, दोन्ही घरच्या.

"काय निघालं आमच्या रगतात?" थोरलीने विचारलं.

मी आनंदात होते. पेढ्याचा पुडा सोडत म्हणाले, "एकदम झकास निघालं. तुम्ही कुणीच कुणाच्या नाही, असं निघालं!"

शेंगा फुटायच्या थांबल्या. सासूने हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

"कुनीच कुनाच्या न्हाई?"

"म्हणजे रक्ताच्या..."

"हिची दोन्ही बाळंतपनं म्या केली," तिने थोरलीकडे बोट केलं. "ह्या धाकटीला इंचू चावला, तवा हिनं तिला पाठकुळी घेऊन तिसगावपातुर पळत न्हेली. त्या घरचं नि आमचं कोर्टात चालतंय, तरी म्या तापानं पडले तवा त्यांच्या सुनंनं मला भरवलं. आन तुजं मशीन म्हनतंय कुनीच कुनाच्या न्हाई?"

"आत्या, ते मशीन फक्त..."

"चुकलंय त्ये." तिने बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात माझ्यापुढे धरला. "घे परत. नीट तपास."

ज्या 'नाही'साठी मी दोनदा पुण्याहून आले होते, तेच आता मला नकोसं झालं होतं. मला फार लाज वाटली आणि ती बाई फार आवडली, दोन्ही एकदमच. माझ्याकडे नुसते पेढे होते, सुई नव्हती. मी तिचा हात धरून बसून राहिले आणि ती म्हणत राहिली, "बघतीस काय? घे की."