क्लचात अडकलेली हवा

जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ म्हणजे नळीत अडकलेली हवा, असं मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. मी त्यांना काका म्हणतो. घराणं तंजावरकडचं मराठी. उभी नोकरी गिंडीच्या एका कारखान्यात, हायड्रॉलिक प्रेसवर. त्यामुळे काकूंचा रक्तदाब वाढो, नळाचं पाणी जावो की सरकार पडो, काका डोळे मिटून म्हणत, "हवा धरली असेल." पुण्याहून आलेला इंजिनिअर म्हणून मला खोली दिली खरी, पण इंजिनिअर या जातीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "तुम्ही लोक कम्प्युटरात बोल्ट आवळता की, तंबी," हे मला, तंबी म्हणजे धाकटा भाऊ करून, पहिल्याच दिवशी ऐकवलं गेलं.

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. काकांनी एक जुनी, धिप्पाड मोटरसायकल घेतली. का, तर तिचा क्लच तारेवर नाही, तेलावर चालतो म्हणून. दर शुक्रवारी काकूंना मागे बसवून टी. नगरला जायचं, काकूंनी साड्या बघायच्या आणि यांनी रस्त्याकडेच्या परक्या गाड्यांच्या क्लचची नाडी बघायची. एकदा एका गाडीवाल्याने चोर समजून पोलिसाला बोलावलं, तर काकांनी पोलिसाच्याही गाडीचा क्लच दाबून पाहिला आणि "ऑइल काळं पडलंय, ह्यात पाणी शिरलंय," असं सांगून त्याला चिंतेत टाकलं. अंबत्तूरला राहणारी त्यांची मुलगी मात्र दर भेटीत गाडी विका म्हणून मागे लागे. शेवटी वैतागून, सगळ्यांसमोर काका बोलून गेले, "ज्या दिवशी क्लच माझं ऐकणार नाही, त्या दिवशी चावी तुझी."

आणि क्लच ऐकेनासा झाला. दाबून धरला तरी सिग्नलला गाडी पुढे सरके, न्यूट्रल सापडता सापडेना. निदान ठरलेलंच होतं. रविवारी अंगणात शस्त्रक्रिया सुरू झाली. आधी चाकाखाली लिंबू, मास्टर सिलिंडरला कुंकू, मग पाने-पक्कड. मी क्लच दाबून धरायचा, काकांनी खाली बसून निपल, म्हणजे तेल सोडायची बारीक तोटी, सैल करायचं, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर आले की आवळायचं आणि मगच मी हात सोडायचा. "पिडी!" म्हणजे तमिळमध्ये धर, "विडु!" म्हणजे सोड. असे तीन रविवार गेले. तेल बदललं, सील बदललं. मी फेरी मारून यायचो तेव्हा क्लच अगदी लोण्यासारखा चालायचा. शुक्रवारी काकांच्या हाती पुन्हा तेच. "काका, गाडीला माणूस कळतो हो," मी चिडवलं. एरवी सव्याज परत करणारा माणूस, पण त्या दिवशी पाने-पक्कड गोळा करून आत निघून गेला.

चौथ्या रविवारी काकांचे गुडघे दुखत होते, म्हणून मी खाली बसलो आणि क्लच त्यांनी धरला. "पिडी!" मी ओरडलो. निपल सैल केलं. स्वच्छ तेल आलं, बुडबुडा एकही नाही. मग तेच तेल निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून उलटं आत जाऊ लागलं. वर पाहिलं तर क्लच अर्धा सुटला होता. काकांच्या डाव्या हाताची बोटं थरथरत होती आणि त्यांना सावरायला उजवा हात मदतीला आला होता. मी निपल आवळलं.

जेवायला आलेली मुलगी तेवढ्यात दारात उभी राहिली. "काय अप्पा, ऐकतो का क्लच?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. असं केविलवाणं त्यांनी कुणाकडेच कधी पाहिलं नसेल.

"हवा आहे," मी म्हणालो. "बारीक आहे, निघायला वेळ लागेल. तोवर गाडी मी चालवतो, काका मागे बसतील."

काकांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "इंजिनिअर म्हणतो तर असेल की."

त्याला आता दोन वर्षं होतील. काकू शुक्रवारी ऑटोने पुढे जातात आणि आमच्या आधी पोचतात. दर महिन्याला लिंबू, कुंकू, निपल सगळं यथासांग होतं आणि हवा काही निघत नाही. काका मागे बसून डावा हात माझ्या खांद्यावर ठेवतात. हल्ली त्याचा दाब जाणवतही नाही. म्हणून निघताना मीच मागे वळून म्हणतो, "काका, पिडी." विडु मात्र मी कधीच म्हणत नाही.