कुणाची हरकत?

गावात तिला कात्रीताई म्हणतात. पाच गावांत मिळून तिचं एकच सलून, आणि त्या सलूनमध्ये एकच खुर्ची. पुरुष, बायका, पोरं, सगळ्यांचे केस त्याच खुर्चीत कापले जातात. खोली इतकी अरुंद की वाट पाहणाऱ्याला बसायला जागा नाही. म्हणून माणसं फोन करून, वेळ ठरवून, एकेकटी येतात. दार लागलं की आत दोघंच, ती आणि गिऱ्हाईक.

अशा खोलीत माणूस बोलतो. अंगावर गळ्यापर्यंत कापड, मान खाली, समोरच्या आरशात धड बघवत नाही आणि कानाशी कात्री चाललेली. सुनेच्या तक्रारी, गुडघ्याचं दुखणं, शेजाऱ्याचं कुंपण, सगळं निघतं. कात्रीताईचा नियम एकच होता: खुर्चीतलं खुर्चीत. लोक म्हणतात भिंतीला कान असतात. तिच्या भिंतीला सासूबाई होत्या. त्यांची खाट पलीकडच्या खोलीत होती आणि पातळ फळ्यांमधून त्यांना सगळं ऐकू येई. पण त्याही बाहेर चकार शब्द काढत नसत. सुनेला मात्र बजावत, "तू कात्री चालव, जीभ नको. जिभेला गिऱ्हाईक मिळत नाही."

गाव रिकामं होत होतं. आधी बस बंद झाली. मग डॉक्टर गेला आणि त्याच्या मागोमाग शाळा. तरुण माणसं कारखान्यांच्या शहरात गेली. घरं तेवढी राहिली, छपरं खचलेली, खिडक्यांना फळ्या मारलेली. जुनी मोटार घ्यावी त्या भावात घर मिळू लागलं.

तेव्हा कर्नल आला. तो सैन्यात कधीच नव्हता. चालण्याच्या ऐटीवरून लोकांनी त्याला हे नाव ठेवलं, आणि ते त्याला आवडतं हेही लोकांना कळलं. त्याने शाळेजवळचं घर घेतलं आणि ते आरशासारखं लख्ख केलं. मग त्याचा मित्र आला, मित्राचा मेहुणा आला, मेहुण्याचे दोन दोस्त आले. माणसं कामसू होती, मुलं नमस्कार करणारी. वादळात झाड पडलं की नगरपालिकेचा माणूस यायच्या आधी यांची करवत सुरू झालेली असे. म्हाताऱ्यांची औषधं हेच आणून देत. गळकी छपरं यांनी फुकट शाकारली.

बाकीचं हळूहळू आलं. अंगणात काठीवर कसलेसे झेंडे आले. पत्रपेटीत आपलं रक्त शुद्ध राखण्याची पत्रकं पडू लागली. शनिवारी कर्नलच्या गोठ्यामागच्या मैदानात मुलांची कवायत होऊ लागली, आणि कवायतीनंतर मुलांना गरम जेवण मिळू लागलं. शहरातली वर्तमानपत्रं त्यांना अतिउजवे म्हणत. गाव त्यांना 'नवे लोक' म्हणे. मग एका सकाळी कोंबडीवाल्याच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या नर्सच्या दारावर लाल रंगात दोन शब्द लिहिलेले दिसले. नर्स दुसऱ्या देशातून आलेली होती आणि घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायची. त्याच आठवड्यात तिची खिडकीही फुटली. महिना संपायच्या आत तिने सामान हलवलं. कोंबडीवाल्याने दार परत रंगवलं. गावात अळीमिळी गुपचिळी.

खुर्चीत मात्र नाही. कोंबडीवाला कापडाखाली हात चोळत म्हणाला, आपल्याला हे पटलेलं नाही. निवृत्त बस ड्रायव्हर म्हणाला, लाज वाटते. शाळा बंद झाल्यावरही सगळे जिला मास्तरीणबाई म्हणत, ती म्हणाली, आपला नातू त्या कवायतीला जातो याने झोप लागत नाही. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला, हे लोक एक दिवस गाव गिळतील. आणि प्रत्येकाच्या बोलण्याचं शेपूट एकच: पण बाकीचे सगळे त्यांच्याच बाजूचे आहेत, माझ्या एकट्याचं काय चालणार.

हे 'बाकीचे सगळे' कुठे राहतात ते कात्रीताईने मनातल्या मनात शोधलं. ते कुठेच राहत नव्हते. कर्नलची चार-पाच घरं सोडली तर जो येई तो 'एकटा'च होता. गावातलं सगळ्यात मोठं गुपित तिच्या हातात होतं, आणि तिच्याच नियमाप्रमाणे ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्याच सुमाराला सभागृहाचा प्रश्न निघाला. गावात सगळ्यांची म्हणून उरलेली ती एकच वास्तू. लग्नं, बारशी, शोकसभा, सगळं तिथेच. अध्यक्षाकडे चावी असते आणि जागा कुणाला द्यायची हे तोच ठरवतो. म्हातारे अध्यक्ष मुलीकडे राहायला निघाले होते आणि त्यांच्या जागी एकच नाव आलं होतं, कर्नलचं. निवड करायची गावाची पद्धत जुनी होती. अध्यक्ष दोनदा विचारत, "कुणाची हरकत?" कुणी बोललं नाही की झाली निवड. मतदान कधी घ्यावंच लागलं नव्हतं, कारण हरकत घेणं म्हणजे भांडण उकरणं, आणि भांडण कुणाला हवंय. एका गप्प राहण्यात पाच वर्षांची चावी जाणार होती.

सभेच्या आधीच्या आठवड्यात कर्नल केस कापायला आला. मागून बारीक, वरून सपाट, नेहमीप्रमाणे. त्या दिवशी तो खुशीत होता. सभागृहात काय काय करणार ते सांगत होता: देशभरातून तरुण येतील, वर्ग चालतील, राहायची सोय होईल. तिने मशीन फिरवता फिरवता सहज विचारलं, एवढ्या मोठ्या देशात हेच गाव कसं सापडलं.

"तीन ठिकाणं पाहिली होती," तो म्हणाला. "घरं सगळीकडे स्वस्त होती. एका गावात पहिल्याच दिवशी शेजारीण विचारायला आली, तुम्ही कोण, कुठले, दर शनिवारी एवढ्या गाड्या कशाला येतात. दुसरीकडेही तसंच. इथे कुणी काही विचारलंच नाही. चांगली माणसं आहात तुम्ही. शांत."

तो हे कौतुकाने म्हणाला. तिने त्याच्या मानेवरचे केस झटकले. तो गेल्यावर पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "ऐकलंस? सर्टिफिकेट देऊन गेला."

त्या संध्याकाळी कात्रीताईने फोन केले. कोंबडीवाल्याला शुक्रवारी सकाळी दहाची वेळ दिली. ड्रायव्हरकाकांना दहाची. मास्तरीणबाईंना दहाची, मिस्त्रीलाही दहाचीच. मग अंगणातलं लाकडी बाकडं आत ओढून बेसिनला खेटून ठेवलं. दार पुरतं उघडेना, पण माणूस आडवा होऊन आत येऊ शकत होता.

शुक्रवारी चौघं आली, आणि एकमेकांना पाहून चौघांचे चेहरे पडले. मिस्त्री म्हणाला, त्याला ट्रॅक्टर सोडून यावं लागलंय. कात्रीताई म्हणाली, माझीच चूक, डोकं ठिकाणावर नाही, बसा, पटापट उरकते. मग मास्तरीणबाईंना खुर्चीत घेतलं आणि आयुष्यात कुणाचे कापले नसतील इतक्या सावकाश त्यांचे केस कापू लागली. बाकड्यावर तिघं खांद्याला खांदा लावून अवघडून बसली. हवेवर बोलून झालं. डिझेलवर बोलून झालं. मग बोलण्यासारखं उरलं नाही तेव्हा तिने, त्या खोलीत कधीच विचारला नव्हता असा प्रश्न मोठ्याने विचारला. "रविवारी कर्नलला चावी द्यायची म्हणे. तुमचं काय मत?"

ड्रायव्हरकाकांनी छताकडे पाहिलं. मिस्त्रीने नखातलं काळं काढायला घेतलं. कोंबडीवाल्याचे कान लाल झाले, आणि शेवटी तोच बोलला. "मला तो माणूस पटत नाही."

"तुला?" ड्रायव्हरकाका त्याच्याकडे वळले. "अरे, तूच तर त्याच्याकडून छप्पर शाकारून घेतलंस."

"छप्पर गळत होतं, काका. अक्कल नव्हती गळत."

मिस्त्री फस्सकन हसला. हसला तो हसला आणि म्हणाला, मला तर वाटायचं मास्तरीणबाई त्यांच्यातल्या, नातू कवायतीला जातो म्हणून. मास्तरीणबाई खुर्ची फिरवून सामोऱ्या आल्या, अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच. "तिथे त्याला चेंडू मिळतो आणि जेवण मिळतं. तुम्ही काय दिलंत? मी तरी काय दिलं?"

मग बांध फुटला. साडेअकराला आलेलं पुढचं गिऱ्हाईक दारातच उभं राहून ऐकत राहिलं आणि थोड्या वेळाने तेही बोलू लागलं. खुर्चीत आधी कोण काय म्हणालं होतं त्यातला एक शब्दही कात्रीताईने सांगितला नाही. ज्याचं त्यानेच सांगितलं.

पण बाकड्यावर बोलणं वेगळं आणि भरल्या सभेत बोलणं वेगळं. रविवारी सभागृह भरलं. कर्नल आणि त्याची माणसं पहिल्या दोन रांगांत, ताठ, इस्त्रीच्या शर्टांत. गाव मागे. अध्यक्षांनी नाव वाचलं आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

कात्रीताईने ड्रायव्हरकाकांकडे पाहिलं. काका बुटांकडे पाहत होते. मिस्त्रीने खोकून घेतलं, पण खोकल्यामागून काही आलं नाही. तिला कळलं की चौघंही दुसरा कुणी उठायची वाट पाहताहेत, आणि आपणही तेच करतोय. कर्नलच्या घरांमधून महिन्याला बरीच डोकी तिच्याकडे येत. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवी; घर रोजचं तिच्या कात्रीवर चाले. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी तिच्या बरगडीत कोपर खुपसलं. गप्प बस म्हणून की ऊठ म्हणून, ते तिने विचारलं नाही.

"कुणाची हरकत?" अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"माझी," ती उभी राहून म्हणाली.

कर्नल वळला. हसतच म्हणाला, "ताई, कारण कळेल?"

"हरकतीला कारण लागत नाही, पण सांगते. चावी तुमच्याकडे गेली की आम्हाला आमच्याच सभागृहात तुमच्या परवानगीने यावं लागेल. कुणी यायचं आणि कुणी नाही, ते तुम्ही ठरवाल. नर्सबाईंचं कुणीतरी ठरवलंच होतं."

खुर्च्या करकरल्या. "माझीही हरकत," ड्रायव्हरकाका म्हणाले, अजून बुटांकडेच पाहत. मग कोंबडीवाला, मग मास्तरीणबाई, मग मिस्त्री. मग ज्यांनी सलूनमधलं बाकडं पाहिलंही नव्हतं अशी माणसं उठू लागली आणि उठताना एकमेकांकडे नवलाने पाहू लागली: अरे, तूसुद्धा? अध्यक्षांनी आयुष्यात मतदान घेतलं नव्हतं. हात वर करा म्हणायचं की उभे राहा म्हणायचं इथूनच त्यांचा घोळ सुरू झाला. सासूबाई मागच्या रांगेतल्या एका भिडस्त शेतकऱ्याला म्हणाल्या, "वर कर की हात. तुझा खांदा धड आहे, मला माहीत आहे."

कर्नलच्या बाजूने दोन रांगांचे हात वर झाले. पुढे बसणाऱ्याला मागे किती जण आहेत ते दिसत नाही. त्या दिवशी त्यांना वळून बघावं लागलं. विरोधात बाकीचं सगळं सभागृह होतं. अध्यक्षांनी हात दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा त्यांचा स्वतःवर विश्वास बसला नाही. मग ड्रायव्हरकाकांनी कात्रीताईचं नाव सुचवलं. हरकत विचारताच लोक इतके हसले की अध्यक्षांना टेबल वाजवावं लागलं. सभा संपल्याचं जाहीर झालं तरी कुणी घरी जाईना. दोन्ही दारांत, ओट्यावर, रस्त्यावर माणसं उभी राहून बोलत होती, वर्षानुवर्षांचं साचलेलं एकदम निघाल्यासारखी. सासूबाई म्हणाल्या, "अध्यक्षीणबाई, आज स्वयंपाक मी करणार नाही. मीही मतदान करून दमलेय."

कर्नलच्या घरांतली डोकी त्यानंतर सलूनमध्ये आली नाहीत. दोन महिने चणचण गेली. मग पाच गावांपलीकडूनही नवी गिऱ्हाइकं येऊ लागली, काही केसांसाठी आणि काही हे कसं जमवलं ते विचारायला. कर्नलच्या मित्राच्या मेहुण्याने घर विकलं. नर्स राहायला परतली नाही, पण आठवड्यातून एकदा ती सभागृहात दवाखाना चालवते, आणि त्या दिवशी रांग बाहेरपर्यंत जाते.

शनिवारी सभागृहामागच्या मोकळ्या जागेत मिस्त्री मुलांना फुटबॉल शिकवतो. जेवण कोंबडीवाला देतो, अंड्यांना तोटा नाही. कवायतीतली पोरं एकेक करून इकडे सरकली. टीमला गोलकीपर नव्हता. महिन्याभराने कर्नलचा धाकटा मुलगा आला आणि तो चांगला निघाला. कर्नल सामना असला की रस्त्यापलीकडे गाडीत बसून पाहतो. आत यायला त्याला कुणी मनाई केलेली नाही. चावी तेवढी त्याच्याकडे नाही.